वडिलांच्या हृदयाची झडप आकसतेय, वय ७८: हा आजार किती वेगाने वाढतो?

रानवारा:

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७८. विट्याजवळ गावी असतात, आई सोबत आहे, मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या आधी फिटनेससाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले मर्मर म्हणजे ठोक्यांसोबत वेगळा आवाज ऐकू येतोय, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. त्या रिपोर्टवर माइल्ड एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे झडप थोडी आकसलीय, असं आलं होतं, व्हेलॉसिटी २.९ आणि मीन ग्रेडियंट १९. घाबरायचं कारण नाही, दोन वर्षांनी परत बघू म्हणाले. आता परत इको केला तर व्हेलॉसिटी ३.६, ग्रेडियंट ३१, व्हॉल्व्ह एरिया १.१ आणि खाली लिहिलंय मॉडरेट, कॅल्सिफाइड. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते, ६० टक्के आहे म्हणजे ते चांगलं आहे असं सांगितलं. कार्डिओलॉजिस्टकडे इतकी गर्दी होती की दोन मिनिटांत आम्ही बाहेर, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी या, दम लागला तर लगेच या, एवढंच.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. आई म्हणते गुडघ्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या खातात म्हणून झडपेवर कॅल्शियम बसलं, तिने दूधपण बंद करायचं ठरवलंय. चुलते म्हणतात लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा सुरू करा, सगळं साफ होतं. शेजारच्यांनी तर सॉर्बिट्रेटची स्ट्रिप आणून दिलीय, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवा म्हणून. अण्णांना विचारलं की एकच उत्तर, मला काय धाड भरलीय.

मला एवढंच समजून घ्यायचंय की हे आता असंच वाढत जाणार का, किती वर्षांत, गोळ्यांनी थांबतं का, आणि या वयात ऑपरेशन झेपतं का. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही, तंबाखू होती ती दहा-बारा वर्षांपूर्वी सुटली.

मिरजकर:

मी फिजिशियन आहे, आता प्रॅक्टिस कमी केलीय. रुग्ण न बघता सल्ला देणार नाही पण तुमच्या रिपोर्टमधले आकडे काय सांगतात ते सांगतो, कारण दोन मिनिटांच्या ओपीडीत हे सांगायला कोणालाच वेळ मिळत नाही आणि नातेवाईक अंधारात राहतात.

एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शरीराकडे रक्त जाताना लागणारं शेवटचं दार. तीन पातळ पाकळ्या असतात, दिवसाला लाखभर वेळा उघडतात आणि मिटतात. वय वाढलं की पाकळ्यांत आधी चरबी आणि सूज येते, मग तिथल्या पेशी चक्क हाडासारखं कॅल्शियम तयार करायला लागतात, पाकळ्या कडक होतात, पुरत्या उघडत नाहीत. हे खाण्यातल्या कॅल्शियममुळे होत नाही. आईंना सांगा दूध, नाचणी काही बंद करायचं नाही. गुडघ्यासाठीच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, बऱ्याच लोकांना त्या कारण नसताना वर्षानुवर्षं चालू असतात.

आता आकडे. निरोगी झडप उघडल्यावर ३ ते ४ चौरस सेंटीमीटर जागा असते. दीडच्या वर असेल तर माइल्ड, १ ते १.५ मॉडरेट, १ च्या खाली सिव्हिअर. व्हेलॉसिटी म्हणजे त्या अरुंद दारातून रक्त किती जोरात बाहेर पडतं ते, ३ च्या खाली माइल्ड, ३ ते ४ मॉडरेट, ४ आणि वर सिव्हिअर. मीन ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, तो ४० झाला की सिव्हिअर. सरासरी बघितली तर एकदा मॉडरेट झालं की व्हेलॉसिटी वर्षाला साधारण ०.३ ने वाढते, ग्रेडियंट ७ ने, आणि एरिया ०.१ ने कमी होतो. अण्णांचं दोन वर्षांत २.९ चं ३.६ झालं म्हणजे अगदी सरासरीच्या चालीने चाललंय, काही भलतं वेगाने नाही. याच चालीने गेलं तर साधारण वर्ष-दीड वर्षात ते सिव्हिअरच्या उंबरठ्यावर येतील असं धरून चाला. पण ही सरासरी आहे हां, काहींचं पाच-पाच वर्षं जागचं हलत नाही आणि काहींचं एका वर्षात झपाट्याने जातं. झडपेवर कॅल्शियम जास्त असेल, किडनी खराब असेल, डायलिसिस चालू असेल त्यांचं भराभर वाढतं. इको शक्यतो त्याच ठिकाणी करा, कारण प्रोबचा कोन जरा चुकला तरी व्हेलॉसिटी कमी दिसते आणि मग उगाच कमी-जास्तीचा घोळ होतो.

गोळ्यांनी थांबत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी थांबेल अशी खूप आशा होती, २००५ आणि २००८ साली मोठे अभ्यास आले आणि झडप आकसण्याचा वेग काही कमी झाला नाही. कोलेस्टेरॉलसाठी किंवा हृदयाच्या धमन्यांसाठी स्टॅटिन चालू असेल तर ती घ्यायचीच, ते वेगळं. काढ्याने कॅल्शियम विरघळत नाही. चुलत्यांना दुखवू नका पण त्या भरवशावर इको लांबवू नका.

पंपिंग ६० टक्के आहे हे वाचून सगळे निश्चिंत होतात. या आजारात पंपिंग शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं. दार अरुंद झालं की डावा कप्पा जोर लावायला लागतो, त्याची भिंत जाड होते, आणि त्या जाड भिंतीच्या जोरावर माणूस बरीच वर्षं बिनतक्रार काढतो. मग ती भिंत ताठ होते, नीट सैल पडत नाही, दाब मागे फुप्फुसांकडे जातो आणि चढावर दम लागायला सुरुवात होते. म्हणून कप्प्याची जाडी किती आणि फुप्फुसांतला दाब किती हे दोन आकडे पुढच्या रिपोर्टमध्ये मुद्दाम बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लक्षणं. श्रम करताना दम, श्रम करताना छाती भरून येणं, आणि चक्कर किंवा शुद्ध जाणं. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी मांडलेलं चित्र आजही शिकवतात की झडप बदलली नाही तर छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी ५ वर्षं, शुद्ध हरपायला लागल्यापासून ३ आणि हार्ट फेल्युअरची लक्षणं आल्यापासून २ वर्षं. वयस्कर लोकांत याहून वाईट असतं. २०१० च्या पार्टनर अभ्यासात ओपन सर्जरी न झेपणारे रुग्ण होते, त्यात नुसत्या औषधांवर असलेल्यांतले निम्मे वर्षभरात गेले, आणि मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आजार वर्षानुवर्षं गप्प असतो आणि लक्षण दिसलं की हातात वेळ थोडा असतो. सहा महिन्यांनी या म्हणाले ते बरोबरच सांगितलंय, ती तारीख चुकवू नका.

सुगरणताई:

रानवारा, मिरजकर डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे पण मी एक गोष्ट जीव तोडून सांगते, अण्णा म्हणतात काही त्रास नाही यावर विश्वास ठेवू नका. ते खोटं बोलतात असं नाही. माणसाला त्रास होतो ते काम माणूस आपोआप सोडून देतो आणि मग त्रास होतच नाही.

माझी आई ७४ ची होती तेव्हा. दर वेळी डॉक्टरांनी विचारलं दम लागतो का, की ही मान हलवून नाही म्हणायची, आणि आम्हीपण सोबत बसून हो हो काही नाही म्हणायचो. मग एकदा एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने उलटं विचारलं, आजी मागच्या वर्षी काय काय करायचात जे आता करत नाही? आणि मग एकेक निघालं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-सांडगे घालणं बंद, त्या वर्षी म्हणाली बाजारात चांगल्या मिळतात. फुलं आणायला कोपऱ्यापर्यंत स्वतः जायची ते फुलवाल्याला घरपोच सांगितलं. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून त्या काकूंशी गप्पा मारायची, आम्हाला वाटायचं केवढी गप्पिष्ट, ती खरं तर श्वास घ्यायला थांबत होती. आंघोळ झाली की न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर बसून मग साडी नेसायची. रात्री दोन उशा लागायला लागल्या होत्या. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर वर्षभर चाललेलं, आणि प्रत्येक गोष्टीला वय झालं हे एक उत्तर तयार होतंच.

त्या मुलीने तिला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं, तिसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकली. इकोत व्हेलॉसिटी ४.३ निघाली. म्हणून म्हणते आईंना विचारा, अण्णांना नको. जी व्यक्ती चोवीस तास घरात सोबत असते तिला माहीत असतं, फक्त तिला कोणी विचारत नाही.

आईचं टावी केलं, म्हणजे छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवीन झडप नेऊन जुनीच्या आत बसवतात. आधी सीटी स्कॅन करून माप घेतात, मांडीच्या वाहिन्या बघतात, अँजिओग्राफी होते. दातांची तपासणीपण करायला सांगितली होती, दोन किडके दात आधी काढले, कारण दाताचं इन्फेक्शन रक्तातून नव्या झडपेवर बसलं तर फार वाईट. पूर्ण भूल दिली नाही, दुसऱ्या दिवशी बसून चहा घेतला. पण सगळं गोड गोड झालं असं नाही, तिच्या हृदयाच्या विजेच्या लाइनवर दाब आला आणि पेसमेकर बसवावा लागला, हे टावीनंतर बऱ्यापैकी लोकांना लागतं, आधीच विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी धस्स होत नाही. खर्च वीस लाखांच्या आसपास गेला, त्यात झडपेचाच सगळ्यात मोठा. आता भारतात बनलेल्या झडपाही मिळतात, वापीची कंपनी बनवते, ते पर्याय विचारा.

पेणची पोर:

मधेच विचारते, माझ्या सासूबाईंना पण व्हॉल्व्ह आहे, वय ६६, पण त्यांना मायट्रल म्हणतात आणि त्यांना तर तिशीतच कळलं होतं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता त्यातून झालं असं सांगतात. बलून झालाय, आता हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि रक्त पातळ ठेवायची असिट्रोम गोळी चालू आहे. हे पण असंच वर्षाला इतकं इतकं वाढतं का?

मिरजकर:

नाही ताई, ती गोष्ट वेगळी आहे, मायट्रल म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप. सासूबाईंचा आजार ऱ्हुमॅटिक, घशाच्या जंतूंच्या इन्फेक्शननंतर शरीराचीच प्रतिकारशक्ती झडपेवर उलटते. पाकळ्या कडांनी एकमेकींना चिकटतात, म्हणून बलूनने सोडवता येतात. आपल्याकडे हा अजून खूप दिसतो, आणि ज्या मुलांना लहानपणी पकडलं त्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात ते यासाठीच. अण्णांसारख्या कॅल्शियमच्या झडपेला बलूनचा फायदा टिकत नाही, थोड्याच महिन्यांत परत आकसते. सासूबाईंच्या बाबतीत ठोके अनियमित असल्यामुळे गुठळी होऊन लकव्याचा धोका सगळ्यात मोठा, त्यामुळे असिट्रोमची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती, वेळच्या वेळी, आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून द्यायच्या नाहीत.

नर्मदाकाठ:

इथे सगळे झडप बदलण्याचं लिहितायत तर दुसरी बाजूपण लिहितो. माझी आजी ८९ वर्षांची, सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस, सोबत विसरभोळेपणा इतका वाढलेला की आम्हाला ओळखायची नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणालाच. आम्ही चार नातवंडं टावीसाठी पैसे काढायच्या तयारीत होतो. डॉक्टरांनी आम्हाला बसवून शांतपणे सांगितलं की झडप नवीन बसवता येईल पण आजी उठून चालणार नाहीत, ओळख परत येणार नाही, आणि सीटी, सुया, आयसीयू हे सगळं त्यांना न समजता सोसावं लागेल. आम्ही नाही केलं.

न करणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. पायावर सूज चढली की लघवीची गोळी वाढवायची, मीठ कमी, रोज सकाळी लघवीनंतर शक्य तेव्हा वजन, दोन दिवसांत दोन किलो वाढलं की पाणी साठतंय असं समजायचं आणि फोन करायचा. पलंगाची डोक्याकडची बाजू वर. शेवटी दम फार लागायचा तेव्हा डॉक्टरांनी अगदी थोड्या डोसात मॉर्फिन सुरू केलं, त्याने श्वासाची तगमग कमी झाली. घरीच गेली, आम्ही सगळे होतो. रानवारा, तुमचे अण्णा हिंडते-फिरते आहेत त्यामुळे तुमचा निर्णय वेगळाच असेल, पण आत्ता ते धडधाकट आहेत तोवर त्यांनाच विचारा की तुम्हाला काय हवंय. आमच्या आजीला विचारायची वेळ निघून गेली होती आणि तो भार आमच्यावर राहिला.

डोंगरवाट:

डॉक्टर, एक शंका. सिव्हिअर झालं पण लक्षणं नाहीत तर थांबायचं की करून टाकायचं? माझ्या काकांना एकाने थांबा सांगितलंय आणि एकाने लगेच करा.

मिरजकर:

दोघेही अडाणी नाहीत, सध्या हा विषय खरंच बदलतोय. पूर्वी सरळ नियम होता, लक्षणं नाहीत आणि पंपिंग चांगलं तर थांबा. २०२४ मध्ये ९०१ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे सिव्हिअर पण बिनलक्षणांचे, निम्म्यांना लगेच टावी आणि निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवणं. लक्ष ठेवलेल्यांतल्या ८७ टक्के लोकांची झडप पावणेचार वर्षांच्या आसपास बदलावी लागलीच. मृत्यूंत दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता, पण अचानक हॉस्पिटलात पळावं लागणं लवकर केलेल्यांत बरंच कमी होतं. माझं मत विचाराल तर ज्याच्या घरी जवळपास इकोची सोय नाही, दर सहा महिन्यांनी नेणारं कोणी नाही, त्याने फार वाट बघू नये. काकांची ट्रेडमिल टेस्ट डॉक्टरांच्या देखरेखीत करता येते, बीपी पडतंय का, दम लागतोय का कळतं. पण ज्याला आधीच लक्षणं आहेत त्याला ट्रेडमिलवर कधीही चढवायचं नाही, ते धोक्याचं आहे.

आणि काही वेळा एरिया १ च्या खाली येतो पण ग्रेडियंट ४० ला पोचतच नाही, विशेषतः वयस्कर बायकांत, जाड आणि लहान कप्प्यातून रक्तच कमी बाहेर पडतं म्हणून. ग्रेडियंट कमी आहे म्हणून मॉडरेट समजून बसू नका. अशा वेळी सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात, पुरुषांत स्कोअर २००० च्या वर आणि बायकांत १२०० च्या वर असेल तर सिव्हिअरच असण्याची शक्यता मोठी.

रानवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुगरणताई, तुम्ही सांगितलं तसं काल आईला फोनवर विचारलं, अण्णा समोर नसताना. ती आधी म्हणाली काही नाही रे. मग मी विचारलं विहिरीवर मोटर चालू करायला कोण जातं, तर म्हणाली दिवाळीपासून वाटेकऱ्याचा पोरगा जातो. मळ्यातून वर येताना जो चढ आहे तिथे बांधावर टेकतात, म्हणे तंबाखू सुटल्यापासून बसायची सवय लागलीय, आणि तंबाखू सुटून तर इतकी वर्षं झाली. देवळात सकाळी चालत जायचे ते आता गाडीवर जातात, अंतर अर्धा किलोमीटर नाही. परवा आंघोळीनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून पाटावर बसले होते, हे आईने कोणालाच सांगितलं नव्हतं, मी काळजी करेन म्हणून. ऐकून पायाखालची वाळू सरकली. सहा महिने थांबू का आता?

सॉर्बिट्रेटचं पण सांगा, ती स्ट्रिप अजून घरात आहे.

मिरजकर:

नाही, थांबू नका. या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या, आणि चढावरचा दम आणि अंधारी हे दोन्ही शब्द आत गेल्या गेल्या सांगा, नाहीतर परत रिपोर्ट बघून मॉडरेट म्हणून बाहेर पाठवतील. रिपोर्ट मॉडरेट आणि लक्षणं अशी असतील तर दोनच शक्यता, एक तर इकोत आकडा कमी आलाय किंवा लक्षणांचं कारण दुसरं आहे, धमन्यांत ब्लॉक, अ‍ॅनिमिया, ठोक्यांची गडबड, बीपीच्या गोळीचा डोस. दोन्ही शोधावंच लागेल. हिमोग्लोबिन करून घ्या आणि शौचाला काळं होतं का विचारा, या आजारात आतड्यातून हळूहळू रक्त जाण्याचा प्रकारही होतो आणि त्याने दम आणखी वाढतो.

सॉर्बिट्रेटची स्ट्रिप आजच घरातून बाजूला करायला सांगा. झडप अरुंद असताना त्या गोळीने बीपी एकदम कोसळून माणूस शुद्ध हरपून पडू शकतो. छातीत दुखलं तर बसवायचं किंवा आडवं करायचं आणि १०८ ला फोन. बीपीची रोजची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, तीही डॉक्टरच ठरवतील. तोवर मळ्यातला चढ बंद, जड उचलणं बंद, शौचाला जोर करायचा नाही, उन्हात उपाशी हिंडायचं नाही. सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही.

सुगरणताई:

आणि पैशांची सोय आत्तापासून बघून ठेवा. ७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधार कार्डावर निघतं. ओपन सर्जरी, टावी यातलं काय कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून लेखी विचारा, तोंडी हो म्हणतात आणि डिस्चार्जच्या वेळी बिल वेगळं निघतं. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो, त्याला खर्चाचं अंदाजपत्रक हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचं लागतं. जाताना दोन्ही इको, जुने ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. आणि आईंना सोबत न्या, बाहेर बाकावर नाही, आत डॉक्टरांसमोर.

रानवारा:

गुरुवारची वेळ मिळाली. आई येतेय. स्ट्रिप तिने शेजाऱ्यांना परत दिली. अण्णांशी रात्री अर्धा तास बोललो, ऑपरेशनचं नाव काढल्यावर आधी चिडले, मग म्हणाले मांडीतून होत असेल तर बघू, छाती फाडून नको. गुरुवारी काय म्हणतात ते इथे लिहितो.